ओळख दाखवू नका

मागच्या मार्गशीर्षात विश्रामबागच्या बाजूला एका कार्यालयात लग्नाला गेले होते. नवरदेवाचे वडील आणि माझे यजमान एकाच कॉलेजात शिकवतात, म्हणजे आम्ही वरपक्षाकडचे. अक्षता पडल्या, ताशा थांबला, आणि मी पाकीट हातात धरून आहेराच्या रांगेत उभी राहिले. स्टेजच्या पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत नवरीकडं मी नीट पाहिलंही नव्हतं. मुंडावळ्या, नथ, घामानं जरासं ओघळलेलं कुंकू, आणि त्या सगळ्यामागं माझ्या पूर्ण ओळखीचे डोळे. ती माझी पेशंट. कॉलेजात असल्यापासूनची. तिनं मला पाहिलं, हसू तसंच ठेवलं, फक्त मेंदीच्या हातानं शालूची कड घट्ट धरली. फोटो निघाला. खाली उतरले तर तिची आई समोर. तिनं मला रिकाम्या खुर्च्यांच्या थप्पीमागं घेतलं आणि कुजबुजली, "मॅडम, तुम्ही आम्हाला ओळखत नाही बरं का. ओळख दाखवू नका. पाया पडते." मी मान हलवली. मग पंगतीत नवरदेवाच्या आत्याशेजारी बसले. आत्याबाई ताटात आग्रहानं जिलबी वाढत म्हणाल्या, "सून अगदी नक्षत्रासारखी मिळाली आम्हाला." मी म्हटलं, "हो, खरंच." ते खरंही होतं. (तिचे तपशील मी इथं इतके बदललेत, की हे वाचून तिलाही ही आपणच असं वाटू नये.)

घरी येताना गाडीत मी काहीच बोलले नाही. यजमानांनी विचारलंही नाही. इतक्या वर्षांत त्यांनाही कळलंय, की बायकोच्या काही ओळखी घरात बोलायच्या नसतात.

सांगलीत डॉक्टरला रस्त्यानं गुपचूप चालता येत नाही. माझी एक मैत्रीण हाडांची डॉक्टर आहे. ती मारुती रोडला भाजी घ्यायला उतरली, की निदान दोघं तरी तिथंच गुडघा वाकवून दाखवतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना लोक गणपती मंदिरात हात जोडतात, त्यांनी ऑपरेशन केलेल्या आजोबांना पुढं करतात. मी मेंदूची डॉक्टर, त्यातही फिटच्या आजाराची. माझे पेशंट मात्र मी दिसले, की दुकानातल्या पाटीकडं बघायला लागतात. आयर्विन पुलावर संध्याकाळी फिरताना एक गृहस्थ रोज समोरून येतात. गेली कित्येक वर्षं त्यांचा आजार माझ्या हाती आहे. आम्ही एकमेकांना कधी नमस्कार केला नाही. सुरुवातीला मला याचं वाईट वाटायचं. आता समोरच्याला त्रास नको म्हणून मीच आधी नदीकडं बघते.

फिट, आकडी, फेफरं, मिरगी, ज्या गावात जे म्हणतात ते. जगात सुमारे पाच कोटी माणसांना हा आजार आहे आणि वेळेवर निदान होऊन नीट औषध मिळालं, तर त्यातली ७० टक्क्यांपर्यंत माणसं फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. इतका आटोक्यात येणारा आजार आणि इतका लपवलेला. आणि तो लपवला, की माझ्या हातातलं एकमेव हत्यारच जातं. ते हत्यार म्हणजे पाहिलेला माणूस.

हे मला मुंबईत डीएम, म्हणजे एमडीनंतरचं मेंदूविकारांचं शिक्षण, करताना कळलं. त्याआधी एमडीच्या दिवसांत मेंदूचं स्कॅन म्हणजे सगळं, असं मला वाटायचं. आमच्या सरांच्या ओपीडीत एकदा कोकणातला एक तरुण आला होता. बरोबर मामा. तरुणाला विचारलं काय होतं, तर तो म्हणाला, "पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग मला काही माहीत नसतं." सर मामांकडं वळले. "तुम्ही पाहिलंय ना? करून दाखवा." मामा लाजले, इकडंतिकडं बघून स्टुलावर बसले. एक क्षण टक लावून पाहिलं. मग काही चघळल्यासारखे ओठ हलवले, उजव्या हातानं शर्टाचं बटण चाचपायला लागले आणि डावा हात मनगटात वाकडा करून ताठ धरला. सर हळूच म्हणाले, "उजवा टेम्पोरल लोब." म्हणजे उजव्या कानशिलाच्या आतला मेंदूचा भाग. आम्ही विद्यार्थी एकमेकांकडं बघत राहिलो. नंतर एमआरआयमध्ये त्याच भागातला हिप्पोकॅम्पस, आठवणींशी जोडलेला मेंदूचा तुकडा, सुकलेला, आक्रसलेला दिसला. पुढं शस्त्रक्रिया झाली. पण माझ्या मनात राहिले ते मामा. भाच्याच्या आजारपणात ते किती रात्री त्याच्या उशाशी बसले असतील, म्हणून तो वाकडा हात त्यांना इतका अचूक आठवत होता. त्या दुपारी मी ठरवलं की हेच काम करायचं.

कारण या आजारात डॉक्टर जवळजवळ नेहमी उशिरा पोचतो. फिट येते, एक-दोन मिनिटं राहते, जाते. माणूस माझ्यासमोर येतो तेव्हा तो ठणठणीत असतो, केस विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा. त्याला स्वतःला काही आठवत नसतं. मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, काढावा तर तोही पुष्कळदा फिट नसतानाचा, म्हणजे गप्प मेंदूचा. १९२४ मध्ये जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा मेंदूतली वीज टिपली आणि १९२९ मध्ये जगाला सांगितली. पाच वर्षं ते स्वतःच्याच शोधाची खातरजमा करत राहिले. ते का, हे रोज ईईजी वाचणाऱ्याला लगेच कळतं. ही वीज मायक्रोव्होल्टमध्ये मोजायची, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांत. पेशंटनं दात आवळले, पापणी लवली, गालाचा स्नायू ताणला तरी कागदभर गडबड उठते. आमच्याकडं ईईजीला येताना केस धुवून, तेल न लावता यायला सांगतो. आणि रात्री जागून यायला सांगतो, कारण जागरणानंतरच्या झोपेत मेंदू लपवलेलं दाखवण्याची शक्यता वाढते. मग आटपाडीहून पहाटेच्या एसटीनं आई, बाप, मुलगी असे तिघंही जागलेले येतात. मुलीच्या डोक्याला वीसेक तारा चिकटवेपर्यंत आई बाकड्यावर बसल्या बसल्या झोपी गेलेली असते. आणि अर्ध्या तासानं मला सांगावं लागतं, की आलेख नॉर्मल आहे, पण म्हणून आजार नाही असं होत नाही. बापाच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटतं ते बघवत नाही. भाडं, रजा, जागरण, आणि हाती काय?

हाती येतं ते बोलण्यातून. म्हणून माझी ओपीडी हळू चालते आणि बाहेरच्या रांगेतली माणसं वैतागतात. मी विचारते, पहिल्यांदा काय हललं? मान कुठल्या बाजूला गेली? डोळे उघडे होते का? चेहरा पांढरा पडला होता का निळा? शुद्ध आल्यावर किती वेळानं नाव सांगितलं? लग्नाच्या मांडवात किंवा शाळेच्या प्रार्थनेत उभ्या उभ्या घामाघूम होऊन पांढरीफटक पडलेली मुलगी ही बहुधा साधी चक्कर असते. पडल्यावर तिचे हातपाय दोन झटके देतात, लोक म्हणतात फिट, आणि कुणीतरी गोळ्या सुरू करतं. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. नुसत्या एका वाक्यानं, 'आधी पांढरी पडली आणि मग हळूच खाली बसली', त्यांच्या गोळ्या सुटल्या आहेत. उलटही होतं. आपल्या सीमेपलीकडं दक्षिण कर्नाटकात डोक्यावरून कडकडीत पाणी घेताना येणाऱ्या फिटचे पेशंट बरेच सापडतात. न्हाणीघराचं दार बंद, आत कुणी बघणारं नाही. अशी एक बाई माझ्याकडं 'न्हाताना बाहेरचं होतं' म्हणून देवाधर्माचं सगळं करून मग आली होती. देवाला जाणाऱ्यांना मी कधी अडवलेलं नाही. नरसोबाच्या वाडीला जा, मिरजेच्या दर्ग्यात जा, फक्त गोळी चुकवू नका, एवढंच म्हणते. कांदा हुंगवणाऱ्या, चप्पल नाकाशी धरणाऱ्या, मुठीत किल्ली देणाऱ्या हातांचाही मला राग येत नाही. समोर आपलं माणूस तडफडताना रिकाम्या हातानं उभं राहणं किती अवघड, हे मला ठाऊक आहे. फिट आपोआपच थांबते आणि श्रेय किल्लीला जातं, इतकंच.

मोबाइल आला आणि माझ्या कामाचं रूपच पालटलं. आता साक्ष हातात धरून येते. विट्याकडचा एक पोरगा गलाईच्या कामाला तामिळनाडूत होता. आपल्या खानापूर-आटपाडीची पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलीत, त्यातलाच एक. भट्टी, ॲसिड, पोटमाळ्यावर झोपणं. तिथं त्याला फिट आली आणि सोबतच्या मुलानं व्हिडिओ काढला. दीडेक मिनिटाचा असेल. डावा हात आधी ताठला, मान डावीकडं ओढली गेली, मग सगळं शरीर. मागून त्या सोबत्याचा रडका आवाज, "आई गं, ए, ऊठ की रं," आणि तरीही चित्र हलत नाही, हात थरथरतोय पण मोबाइल खाली जात नाही. तो व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. कारण मेंदूच्या उजव्या भागात शोधायचं, हे त्यानं सांगितलं होतं. स्कॅनमध्ये उजवीकडं बारीकशी कडी दिसली. कडीच्या आत ठिपका. गाठ म्हटल्याबरोबर घरच्यांनी कॅन्सरच धरला होता, पण ती पट्टकृमीच्या अळीची पुटी होती. आता वडिलांना सांगायचं होतं. वडील माळकरी. डुकरातून येणारा कृमी म्हटल्यावर त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या तुळशीमाळेवर गेला. "मॅडम, आमच्या घरात अंडं शिजत नाही." मी त्यांना समजावलं. ज्याच्या पोटात हा कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी बाहेर पडतात, उघड्यावरच्या घाणीतून मातीत, पाण्यात, भाजीवर जातात, आणि न धुतलेल्या कोथिंबिरीतून किंवा कुणाच्या न धुतलेल्या हातून आपल्या पोटात. मांसाला शिवावंही लागत नाही. खानावळीत जेवणाऱ्या कुणालाही होतं. ते ऐकत होते, पण डोळ्यांत पाणी होतं. आजारापेक्षा घरावर आलेला हा डाग त्यांना जास्त लागला होता. कृमीवर अल्बेंडॅझोल, सुजेवर स्टिरॉइड, फिटची गोळी. पुढच्या स्कॅनमध्ये कडी विरघळलेली होती. वडिलांनी तो रिपोर्ट कपाळाला लावला आणि विचारलं, "हे गावात सांगायचं का नाही?" बरा झालेला आजारसुद्धा सांगायचा का नाही.

लपवण्याचं मला कळतं. मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, हे छातीठोकपणे मला सांगता येत नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ पासून वेडाच्या झटक्यांच्या शेजारी अपस्माराचे झटके बसवलेले होते. ज्याला असे झटके येतात त्याचं लग्न रद्द करून मागता येत होतं. तो शब्द कायद्यातून निघाला १९९९ मध्ये. कागदावरून निघाला. बैठकीतून, स्थळ बघायला आलेल्या मामा-आत्यांच्या मनातून निघाला नाही. आणि त्यातला पेच असा, की आजार असणं हे आता कारण नसलं, तरी तो लपवून केलेलं लग्न फसवणूक म्हणून कोर्टात उभं करता येतं. म्हणजे ज्या भीतीनं आई लपवते, ती भीती लपवल्यानंच खरी होऊ शकते. हे मी प्रत्येक आईला सांगते. आया ऐकतात, मान डोलावतात, आणि जाताना विचारतात, "पण मॅडम, सांगितलं तर करणार कोण?"

त्या लग्नातल्या मुलीला सकाळी उठल्याउठल्या हात उडायचे. कप फुटायचा, दात घासताना ब्रश उडायचा. घरात सगळे म्हणायचे धांदरट आहे. परीक्षेच्या जागरणानंतर एके सकाळी मोठी फिट आली, तेव्हा ती माझ्याकडं आली. १९५७ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या डिटर यान्झ यांनी वर्णन केलेला हा प्रकार, वयात येताना सुरू होणारा, औषधाला छान दाद देणारा, पण औषध बहुधा सोडू न देणारा. त्यावर सगळ्यात जुनं, भरवशाचं औषध व्हॅलप्रोएट. पण गरोदरपणात ते घेतलं, तर शंभरातल्या सुमारे दहा बाळांमध्ये मोठं व्यंग राहतं, आणि ज्यांना व्यंग नसतं त्यांच्यातल्याही काहींची बुद्धीची वाढ मागं पडते. म्हणून लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हाच मी तिची गोळी बदलली, फॉलिक ॲसिड सुरू केलं, आणि दोघी मिळून एक यादी केली. झोप, गोळीची वेळ, मूल हवं असेल तेव्हा आधी येऊन भेटणं. ती यादी तिनं मोबाइलमध्ये 'रेसिपी' या नावानं ठेवली. मी तेव्हा काही बोलले नाही. गोळ्या ती कुठं ठेवणार होती, हेही विचारलं नाही. माझ्या पेशंट मुली गोळ्या साबुदाण्याच्या डब्यात ठेवतात, सॅनिटरी पॅडच्या पुड्यात ठेवतात, माहेरच्या ट्रंकेत ठेवतात आणि मग माहेर लांबलं की गोळी राहते.

आणि लपवलेल्या फिटनं माणूस जातो, हेही मी पाहिलंय. पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा होता, भाड्याच्या खोलीत दोघांबरोबर राहायचा. फिट फक्त झोपेत यायच्या. भरतीत अडचण नको म्हणून खोलीतल्या कुणाला सांगितलं नव्हतं, आईकडूनही वचन घेतलं होतं. एका सकाळी तो पालथा सापडला. फिटचा आजार असलेल्या हजार प्रौढांमागं वर्षाला साधारण एक असा अचानक जातो. झोपेत मोठी फिट येणारे आणि ज्यांच्याजवळ कुणी नसतं ते, यांना धोका जास्त. हा आकडा मी सगळ्यांना आधीच सांगते, त्यालाही सांगितला होता. काही दिवसांनी आई आली. उरलेल्या गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "गरिबाला द्या कुणाला तरी." खोलीतली दोन्ही पोरं बाहेर उभी होती. त्यातल्या एकानं मला विचारलं, की रात्री त्याच्या घोरण्यासारखा आवाज आला होता, तेव्हा उठवायला हवं होतं का? मी म्हटलं, "तुला माहीत नव्हतं." दुसरं काय बोलणार? त्याला माहीत असतं, तर तो उठला असता. मला खात्री आहे.

म्हणून त्या कार्यालयातून निघाल्यावर मला जे छळत राहिलं, ते मी गप्प बसले हे नव्हतं. गप्प बसणं माझं कामच आहे. पेशंटची गोष्ट मी नवऱ्यालाही सांगत नाही, तर व्याह्यांना कशी सांगणार? छळलं ते हे, की त्या घरात आता तिच्याशेजारी झोपणारा माणूस आंधळा ठेवलेला आहे. तो बघेल, पण काय बघतोय हे त्याला कळणार नाही. आणि मला विचारायला माणूस राहणार नाही. पाडव्यानंतर तिची यायची तारीख होती. आली नाही. दुसरीकडं जात असेल, जात असू दे. मी फोन केला नाही, करता येत नाही. तो नंबर आता कुणाच्या हातात असेल कोण जाणे.

इस्लामपूरकडचं एक जोडपं मात्र मला सारखं आठवतं. लग्नाला बरेच महिने झाल्यावर ती मुलगी थरथरत नवऱ्याला घेऊन आली, की मॅडम तुम्हीच सांगा, माझ्यानं होत नाही. मी सुरुवात करायच्या आत तो म्हणाला, "मला माहीत आहे. सकाळी हिचा हात उडतो. पहिल्या आठवड्यातच बघितलं. म्हणून चहा मी करतो." ती त्याच्याकडं बघतच राहिली. तो पुढं म्हणाला, हिला लाज वाटेल म्हणून विचारलं नाही. मग मी त्याला माझे सगळे प्रश्न विचारले, आणि त्यानं इतकी नेमकी उत्तरं दिली, की त्या एका भेटीत तिची रात्रीची गोळी कमी पडतेय हे उलगडलं. ती इतके दिवस लपवत होती आणि तो इतके दिवस बघत होता.

त्यानंतर मी एक करायला लागले. लग्न ठरत असेल तर मुलीच्या किंवा मुलाच्या घरच्यांना म्हणते, तुम्हाला सांगणं जड जात असेल तर समोरच्यांना माझ्याकडं आणा, तुमच्यासमोर मी सांगते. बहुतेकजण येत नाहीत. काही येतात आणि ते स्थळ मोडतं, मग ती मुलगी महिनाभर माझ्यावर रागावलेली असते, आणि तिचा राग मला पटतो. पण काही येतात आणि बसतात. १८९४ मध्ये मिशनरी वान्लेस डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना उभारल्यापासून या भागातल्या लोकांना आजारी माणूस घेऊन लांबून यायची सवय आहे. वधूला बघायला आल्यासारखी वऱ्हाडाची गाडी करून दवाखान्यात यायची सवय अजून व्हायची आहे.

या पावसाळ्यात जतहून असं एक कुटुंब आलं. मुलगी आमच्याकडची, मुलाकडचे सहाजण. मुलगा, आईवडील, काका-काकू आणि नऊवारीतली आजी. मी सगळं सांगितलं. वडिलांनी मुलांना होईल का विचारलं, काकांनी खर्चाचं विचारलं, मुलगा खाली बघत होता. आजी काही बोलली नाही. शेवटी तिनं पदर सावरला आणि म्हणाली, "डाक्टरीणबाई, पोरगी पडली तर धरायचं का सोडायचं?"

"धरायचं नाही आजी. दाबायचं नाही. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं. तोंडात चमचा, पाणी, काही घालायचं नाही. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडीत घालून दवाखान्यात."

"मला घड्याळ कळत न्हाई."

"नातवाला बघू दे. तुम्ही कुठला हात आधी हलला ते बघा."

तिनं मान हलवली. "आन् नवरात्रातला उपास?"

"फराळ करून, गोळी घेऊन चालेल. निर्जळी नको. आणि जागर तर अजिबात नको. तिची झोप मोडायची नाही."

आजीनं सुनेकडं पाहिलं, मग नातवाकडं, मग त्या मुलीकडं, जी इतका वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसली होती.

"निजू दे हिला," ती म्हणाली. "जागराला मी बसतीच की दरसाल."